जिवाणू संवर्धन वापरूनही फरक दिसत नाही? या चुका टाळा

बियाण्याला किंवा मातीला लावायचे उपयुक्त जिवंत जिवाणू, म्हणजे जिवाणू संवर्धन, वापरलं, तरी पीक होतं तसंच राहिलं, ही तक्रार सेंद्रिय शेतीत कायम ऐकू येते. अशा वेळी दोष बहुधा जिवाणूंच्या जातीचा नसतो. पाकीट ते मूळ या वाटेवरच ते मेलेले असतात.

सुरुवात साठवणुकीपासून होते. पत्र्याखाली तापलेलं किंवा मुदत उलटलेलं पाकीट कितीही वापरा, उपयोग नाही. संवर्धन बियाण्याला चिकटावं म्हणून केलेलं गुळाचं द्रावण पूर्ण गार झाल्यावरच त्यात संवर्धन मिसळा. क्लोरीन घातलेलं पाणी टाळा. बियाणं हलक्या हातानं चोळा, म्हणजे टरफल निघणार नाही. ते सावलीत सुकवा आणि शक्यतो त्याच दिवशी ओलीवर पेरा. कोरड्या मातीत पडलेले जिवाणू फार काळ तग धरत नाहीत.

सेंद्रिय शेतकऱ्यांची एक चूक मला सगळ्यांत जास्त खटकते. बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) सेंद्रिय शेतीत मर्यादेत चालतं, म्हणून ते जिवाणूंनाही चालेल असं गृहीत धरलं जातं. पण त्यातलं तांबं बुरशीबरोबर जिवाणूही मारतं, आणि ते मातीत साचत जातं. ताम्रयुक्त औषध आणि संवर्धन एका टाकीत कधीही मिसळू नका.

रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकासाठी बांधणारे जिवाणू, निवडताना पीक बघा. सोयाबीनच्या मुळांवर ब्रॅडीरायझोबियम गाठी करतो, तर हरभऱ्याला मेसोरायझोबियम लागतो. एकाचं पाकीट दुसऱ्याला उपयोगाचं नाही. गहू, ज्वारी, मका यांना अशा गाठी येतच नाहीत. त्यांच्यासाठी गाठी न करता नत्र बांधणारे ॲझोटोबॅक्टर किंवा ॲझोस्पिरिलम घ्यावं.

कडधान्यात काम झालं की नाही, हे फुलोऱ्याच्या सुमारास स्वतः तपासता येतं. झाड उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. कुदळीनं मातीच्या ढेकळासकट काढा, पाण्यात बुडवून माती सुटू द्या आणि एक गाठ नखानं चिरा. आत गुलाबी-लालसर रंग दिसला तर नत्र बांधण्याचं काम चालू आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिन या गाठीतल्या लाल द्रव्याचा. आत पांढरी असेल तर गाठ कोवळी किंवा निकामी आहे, हिरवट-तपकिरी असेल तर तिचं काम संपलंय. गाठी मोजक्याच असतील तर पेरणीपूर्वी कोंबडीखत किती टाकलं होतं ते आठवा. आयतं नत्र भरपूर मिळालं की झाड गाठी करण्याचं टाळतं. पाणी साचलेल्या रानातही गाठी नीट होत नाहीत, कारण मुळांना आणि जिवाणूंना हवा मिळत नाही.

स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंकडूनही भलती अपेक्षा नको. ते सेंद्रिय आम्लं सोडून मातीत अडकलेला स्फुरद मोकळा करतात, नवा निर्माण करत नाहीत. या कामाची ऊर्जा त्यांना सेंद्रिय कर्बातून मिळते, त्यामुळे शेणखत-कंपोस्ट न घालता नुसतं संवर्धन टाकलं तर ते उपाशीच राहतात. चांगल्या कुजलेल्या, गार झालेल्या खतात मिसळून मुळांजवळ द्या.

एवढं सगळं पाळूनही शंका राहिली, तर पुढच्या पेरणीत त्याच शेतात एक पट्टा संवर्धनाशिवाय ठेवा. तिथलं बियाणं आधी पेरून घ्या, नाहीतर पेरणीयंत्राला चिकटलेले जिवाणू त्या पट्ट्यातही जातील. दोन्हीकडच्या गाठी सारख्याच भरल्या, तर तुमच्या मातीत योग्य रायझोबियम आधीपासून मुबलक आहे, असं समजायला हरकत नाही.