गेममधली गाडी खोटी वाटते? आधी या चुका टाळा

‘स्विफ्ट पळतच नाही’, ‘ब्रेक दाबला तरी गाडी सरळ भिंतीत’, ‘खरी गाडी अशी घसरते का कुठे?’ जळगाव-धुळ्याकडच्या गेमिंग करणाऱ्या पोरांच्या या ठरलेल्या तक्रारी. शिव्या बसतात त्या गेमच्या फिजिक्सला (गाडीची हालचाल मोजणाऱ्या गणिताला). असेटो कोर्सासारख्या, खऱ्या गाडीची नक्कल करणाऱ्या सिम्युलेटरमध्ये मात्र घोळ बहुधा सेटिंगमध्ये, पेडलमध्ये नाहीतर तुलनेसाठी धरलेल्या आकड्यात निघतो.

नीड फॉर स्पीडसारख्या गेममध्ये खरेपणा शोधूच नका. तिथे नायट्रो (क्षणात वेग वाढवणारं बटण) आहे, गाडी उडवायची मजा आहे. खरेपणा हा त्या गेमचा हेतूच नाही. फोर्झा होरायझन मधल्या पायरीवर आहे. पुढचं सगळं मुख्यतः असेटो कोर्सा आणि असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने खेळणाऱ्यांसाठी.

तापलेल्या लॅपटॉपवर गाडीची परीक्षा

मे महिन्यात खान्देशात पारा ४४-४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या खोलीत, गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपचा प्रोसेसर अशा वेळी स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. असेटो कोर्सा गाडीचं फिजिक्स सेकंदाला ३३३ वेळा मोजतो आणि हे काम प्रोसेसरचं, ग्राफिक्स कार्डचं नव्हे. प्रोसेसरला ते झेपलं नाही की ‘सीपीयू ऑक्युपन्सी ९९ टक्क्यांवर’ अशी सूचना पडद्यावर येते आणि गेममधला काळच हळू सरकू लागतो. मग गाडी मरगळल्यासारखी वाटणारच.

खात्री करायला मोबाइलचं स्टॉपवॉच लावा. गेम लॅपची (ट्रॅकच्या एका फेरीची) वेळ १:३० दाखवत असेल आणि मोबाइलवर १:३६ झाले असतील, तर गाडीत काही बिघाड नाही. विरोधी गाड्या २० वरून ८ वर आणा, आरसे आणि रिफ्लेक्शन कमी करा, लॅपटॉपची मागची बाजू उचलून ठेवा, पंख्यातली धूळ काढा. वीज गेल्यावर बॅटरीवर खेळत असाल तर चाचणी घेऊच नका. चार्जर निघाला की बहुतेक लॅपटॉप आपली ताकद कमी करतात.

ब्रेकचं गणित न करता ब्रेक मारणं

सर्वांत जास्त गैरसमज इथे आहेत. चांगल्या टायरची गाडी कोरड्या डांबरावर ताशी १०० किमीवरून थांबायला साधारण ४० मीटर घेते. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होतं, म्हणजे २०० वरून सुमारे १६० मीटर. धुळे-जळगाव हायवेवर २०० वरून कोणी ब्रेक मारत नाही, त्यामुळे या अंतराचा अंदाज अंगात मुरलेलाच नसतो. १०० मीटरच्या पाटीवर ब्रेक मारायचा आणि गाडी थांबत नाही म्हणून ओरडायचं, यात गेमचा काय दोष?

पुढची चूक पेडलची. साध्या पेडलमध्ये पोटेन्शिओमीटर असतो. पाय किती खाली गेला एवढंच तो मोजतो, जोर किती लावला ते नाही. लॉजिटेक जी २९ च्या ब्रेकमध्ये कडक रबर असतं. हलक्या पायाने दाबलं तर ब्रेक शेवटपर्यंत जातच नाही. गेममधलं पेडल अॅप उघडा आणि पूर्ण दाबल्यावर पट्टी शंभर टक्के भरते का बघा. भरत नसेल तर कॅलिब्रेशन (पेडलची मापणी) पुन्हा करा. उलट थोड्याशा दाबातच चाकं लॉक होत (फिरायची थांबत) असतील तर ब्रेक गॅमा (पेडल दाबल्यावर ब्रेक किती लागतो ते ठरवणारी सेटिंग) १ वरून २ ते २.४ पर्यंत वाढवा. सुरुवातीचा दाब हलका होतो. एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीत पुढची चाकं लॉक झाली की स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी वळत नाही. खऱ्या गाडीतही हेच होतं. कीबोर्डवर मात्र ब्रेक एकतर शून्य नाहीतर पूर्ण, म्हणून तिथे एबीएस चालू ठेवा आणि खरेपणाचा नाद सोडा.

मदतनीस चालू ठेवणं

स्टॅबिलिटी कंट्रोलची पट्टी शून्यावर आणा. ती थोडी जरी वर असली तरी गेम गाडीला अदृश्य हाताने सरळ करतो. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागच्या जागी फिरू न देणारी यंत्रणा) ‘फॅक्टरी’वर ठेवा, म्हणजे खऱ्या गाडीत ते असेल तरच मिळेल. फोर्झात स्टिअरिंग ‘सिम्युलेशन’वर घ्या.

फोर्स फीडबॅक (स्टिअरिंगमधून हाताला जाणवणारा जोर) जास्त म्हणजे गाडी जास्त खरी, हा समज काढून टाका. गेन (या जोराची पातळी) फार वाढवला की स्टिअरिंगची मोटर आपल्या कमाल जोरावर अडकते. त्यापुढचा खड्डा, कर्ब, घसरण सगळं एकसारखंच जाणवतं. वळणात फोर्स फीडबॅकची पट्टी सतत लाल होत असेल तर ती विझेपर्यंत गेन उतरवा.

डोळ्यांची फसवणूक

दृश्यकोन (पडद्यावर किती दृश्य मावतं तो कोन) मोठा ठेवला की वळण लांब दिसतं आणि वेग आहे त्यापेक्षा जास्त भासतो. २४ इंची पडद्याची उंची सुमारे ३० सेंटिमीटर. डोळे ६० सेंटिमीटरवर असतील तर उभा दृश्यकोन २८ अंश निघतो. असेटो कोर्सात हा उभाच कोन भरायचा असतो. आधी खिडकीतून पाहिल्यासारखं कोंदट वाटेल. फारच अडचण झाली तर ३५ पर्यंत जा. ६० वर राहून ब्रेकिंगचा अंदाज येणार नाही.

टायरचं थोडक्यात: कॉम्पेटिझिओनेमध्ये कोरड्या स्लिकचा (रेसच्या, खाचा नसलेल्या टायरचा) दाब धावताना २६ ते २७ पीएसआय हवा. ट्रॅक तापलेला असेल तर थंड टायरमध्ये दाब कमी भरा, कारण धावताना तो चढतो. पहिल्या लॅपवर पकड नाही म्हणून सेटअप बदलत बसू नका.

फुकटच्या मोडवर विश्वास

मारुती ८००, स्विफ्ट, स्कॉर्पिओचे मोड (खेळाडूंनी बनवून गेममध्ये घातलेल्या गाड्या) सहज मिळतात आणि त्यातले पुष्कळ निव्वळ दिखाऊ असतात. गाडी निवडताना दिसणारा पॉवरचा आलेख ‘यूआय’ फाइलमधून येतो. इंजिन प्रत्यक्षात चालतं ते ‘पॉवर डॉट एलयूटी’ या आकड्यांच्या फाइलवर. दोन्ही जुळतीलच असं नाही. एलयूटीत चाकापर्यंत पोचणारा टॉर्क (फिरवण्याचा जोर) लिहायचा असतो. ८०० च्या एमपीएफआय इंजिनाचा टॉर्क ५९ एनएम. गिअरबॉक्समध्ये १५ टक्के गळती धरली तर तिथे ५० च्या आसपास आकडा हवा. मोडवाला कागदावरचे ५९ तसेच ठेवतो आणि गाडी उगाच तरतरीत होते. टर्बो गाडीत तर काही जण बूस्टसकट (टर्बोने वाढवलेल्या जोरासकट) टॉर्क एलयूटीत भरतात आणि टर्बोचा भाग वेगळा लावतात, म्हणजे बूस्ट दोनदा.

वजनातही तीच गफलत. फाइलमधल्या ‘टोटलमास’ (एकूण वजन) या नोंदीत चालक धरायचा, पेट्रोल नाही. ६६५ किलोच्या ८०० मधून टाकीभर पेट्रोलचे सुमारे २० किलो काढा, चालकाचे ७५ मिळवा, ७२० येतात.

फाइल न उघडताही खोटा मोड पकडता येतो. गेमबरोबर येणाऱ्या २००० मीटरच्या ड्रॅग पट्टीवर गाडी टॉप गिअरमध्ये पिळून काढा. हवेचा विरोध भेदायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. म्हणजे ३७ बीएचपीची जी गाडी खऱ्या रस्त्यावर १४० च्या अलीकडे दमते, तिला १८० गाठायला जवळपास ७८ बीएचपी लागतील. मोड १८० दाखवत असेल तर एकतर इंजिन फुगवलंय किंवा एअरो फाइलमधला ड्रॅग (हवेचा विरोध) कमी करून ठेवलाय.

इथे तुलनाही नीट करा. खऱ्या गाडीचा स्पीडोमीटर थोडा जास्तच दाखवतो, कमी दाखवलेला चालत नाही. म्हणून जीपीएसचा वेग धरा. त्यात मे महिन्याची दुपार असेल तर ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्के विरळ असते, आणि छोट्या इंजिनावर एसीचं ओझं वेगळंच. अशा दुपारी लळिंग घाट चढताना मोजलेला पिकअप गेममधल्या सपाट ट्रॅकशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

मोडचा डेटा दुरुस्त करायला घेतलात तर मूळ फोल्डरची प्रत आधी बाजूला ठेवा. ऑनलाइन सर्व्हर फाइलींचा चेकसम (फाइल बदलली का ते सांगणारा आकडा) तपासतो आणि एक आकडा बदललेला असला तरी तुम्हाला बाहेर काढतो.