सॉलिड-स्टेट सेलचा इंटरफेस सारखा बिघडतोय? या चुका टाळा

जळगावात पाऊस लागला की आमच्या लॅबमधल्या, सॉलिड-स्टेट बॅटरीसाठी (आत द्रवाऐवजी घन इलेक्ट्रोलाइट असलेली) बनवलेल्या सिरॅमिक पेलेटांचं, म्हणजे चकत्यांचं, वागणं बदलतं. मे महिन्यात ज्या पेलेटवर लिथियम व्यवस्थित बसायचं, अगदी तसाच बनवलेला पेलेट जुलैत लिथियमला जवळच करत नाही, आणि पहिल्या वर्षी मी यावर दोन महिने रेसिपीच बदलत बसलो, टँटलम वाढव, टेम्परेचर वाढव, परत दळ, परत भाज, आणि दोष होता फक्त वरच्या पापुद्र्यात. धुळे-जळगाव-नंदुरबारकडे कुणी पोरंपोरी एलएलझेडओवर (लिथियम, लॅन्थनम, झिर्कोनियमचं ऑक्साइड, आमचे पेलेट याचेच) प्रोजेक्ट करत असतील तर त्यांचे हे दोन महिने वाचावेत म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "सिरॅमिक आहे, त्याला काय होतंय" म्हणून पेलेट झिपच्या पिशवीत घालून ड्रॉवरमध्ये ठेवणं. एलएलझेडओ हे गार्नेट जातीचं सिरॅमिक २००७ साली पुढे आलं तेव्हापासून त्याची ख्याती आहे की ते लिथियम मेटलसोबत टिकतं, पण हवेसोबत टिकतं असं नाही ना! हवेतल्या ओलाव्यामुळे आतलं लिथियम बाहेर येतं, त्याच्या जागी प्रोटॉन जाऊन बसतो, वर लिथियम हायड्रॉक्साइड तयार होतं आणि मग कार्बन डायऑक्साइड खाऊन त्याचं कार्बोनेट होतं. हा थर डोळ्याला दिसत नाही, पातळ असला तर एक्सआरडीतही (एक्स-रेने स्फटिक ओळखायची चाचणी) सापडत नाही, रमनमध्ये (लेझरच्या प्रकाशाची चाचणी) १०९० प्रति सेंटिमीटरच्या आसपास पीक दिसला की समजायचं. लिथियम १८०.५ अंशाला वितळतं, ग्लोव्हबॉक्समध्ये (आर्गॉन भरलेली बंद पेटी) हॉटप्लेटवर असा एक पेलेट ठेवून त्यावर वितळलेला थेंब सोडून बघा, केळीच्या पानावर पाणी कसं गोळा होऊन पळतं तसा तो चकचकीत थेंब चिमट्याच्या टोकाने इकडून तिकडे ढकलता येतो, पसरतच नाही. मग इंटरफेसचा, म्हणजे लिथियम आणि पेलेट जिथे टेकतात त्या जागेचा, रेझिस्टन्स कमी कुठून येणार?

यावर बरेच जण म्हणतात की आपल्याकडे एएलडी मशीन (अणूंच्या थराथराने कोटिंग देणारं) नाही म्हणून आपलं काम अडलं. मेरीलँडच्या गटाने ॲल्युमिनाचा अतिपातळ थर देऊन हा रेझिस्टन्स १७१० वरून १ ओहम चौरस सेंटिमीटरवर आणला हे खरं आहे, पण २०१७ मध्येच मिशिगनच्या गटाने नुसतं पॉलिश करून आणि आर्गॉनमध्ये ५०० अंशाला तापवून २ ओहमपर्यंत मजल मारली. म्हणजे आधी पॉलिश आणि हीट ट्रीटमेंट नीट करा, कोटिंगचं नंतर बघू. पॉलिश करताना पाणी अजिबात वापरायचं नाही, कोरडा सिलिकॉन कार्बाइड पेपर घ्या, जमेल तर ग्लोव्हबॉक्सच्या आतच घासा. बाहेर पॉलिश करून चहाला गेलात तर थर परत धरायला लागतो. डेन्सिटी काढायला पण पेलेट पाण्यात बुडवू नका, आयसोप्रोपेनॉल वापरा.

वजनाच्या काट्यावर होणारी चूक तर कुणाच्या लक्षातच येत नाही. कच्च्या मालातलं लॅन्थनम ऑक्साइड ओलावा खेचून हायड्रॉक्साइड होतं, त्यामुळे पावसाळ्यात तुम्ही लॅन्थनम समजून थोडं पाणीच मोजता आणि सगळं प्रमाण हलतं, म्हणून ते आधी ९०० अंशाला भाजून, डेसिकेटरमध्ये थंड करून लगेच मोजायचं. सिंटरिंगला ११०० च्या वर लिथियम उडतं, त्यासाठी १० टक्के किंवा थोडं जास्त लिथियम आधीच घाला आणि पेलेट त्याच पावडरमध्ये गाडून भाजा. एक्सआरडीत लॅन्थनम झिर्कोनेट दिसलं म्हणजे लिथियम उडालंय, असा पेलेट कितीही घासला तरी त्याचा उपयोग नाही.

एलएटीपीवाल्यांना (टायटॅनियम असलेलं दुसरं सिरॅमिक वापरणाऱ्यांना) एवढंच सांगतो, लिथियम थेट टेकवू नका, टायटॅनियम रिड्यूस होऊन पांढरा पेलेट काळा पडतो, मधे पॉलिमरचा थर हवाच.

आता मोजमाप. सिमेट्रिक सेलमध्ये (पेलेटच्या दोन्ही बाजूंना लिथियम) इंटरफेस दोन असतात, इंटरफेसचा रेझिस्टन्स दोनने भागायचं विसरू नका. आणि सायकलिंग करताना (करंट आलटून पालटून दोन्ही दिशांनी देताना) व्होल्टेज एकदम खाली येऊन छान सपाट झालं की पोरं खूश होतात, तो ग्राफ पीपीटीत पण जातो, पण भाऊ, ते बहुतेक वेळा सॉफ्ट शॉर्ट असतं, लिथियम ग्रेन बाउंड्रीतून (सिरॅमिकच्या कणांमधल्या सीमांतून) पलीकडे पोचलेलं असतं. साधा हिशोब करा: १ मिमी जाड पेलेट, कंडक्टिव्हिटी ०.५ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर, तर एकट्या पेलेटचाच रेझिस्टन्स २०० ओहम चौरस सेंटिमीटर होतो. अख्ख्या सेलचा त्याहून कमी दिसला तर सेल गेला. सायकलिंगच्या आधी आणि नंतर इम्पीडन्स (एसी करंटने मोजलेला रेझिस्टन्स) घ्याच.

आपल्याकडे अजून एक भानगड आहे, ऊन. एसी नसलेल्या खोलीत सकाळी २५ आणि दुपारी ४० अंश, ॲक्टिव्हेशन एनर्जी (लिथियम आयन हलायला लागणारी ऊर्जा) ०.३ ईव्ही धरली तर तेवढ्यातच कंडक्टिव्हिटी जवळपास पावणेदोन पट होते, आणि आपल्याला वाटतं आपली नवीन ट्रीटमेंट लागू पडली! सेल ठरलेल्या तापमानाच्या ओव्हनमध्ये ठेवून तासभर थांबा आणि मगच मोजा.

राहिलं प्रेशर. कॉन्टॅक्ट येत नाही म्हणून पाना घेऊन बोल्ट आवळत सुटायचं नाही. लिथियम मऊ आहे, दाब कमी पडला तर स्ट्रिपिंगमध्ये (लिथियम निघून जाताना) पोकळ्या पडतात हे खरं, पण जास्त झाला तर ते फटीत घुसतं. सल्फाइड पेलेटवर (गंधक असलेलं घन इलेक्ट्रोलाइट) २०२० मध्ये झालेल्या कामात ५ मेगापास्कलला सेल १००० तासांच्या वर चालला आणि ७५ ला तर प्लेटिंग (लिथियम परत बसणं) सुरू व्हायच्या आधीच शॉर्ट झाला. मी आता टॉर्क पाना वापरतो आणि प्रत्येक सेलपुढे वहीत टॉर्क, त्या दिवशीची ह्युमिडिटी आणि पॉलिश ते असेंब्ली किती मिनिटं गेली ते लिहितो, जुलैतल्या खराब सेलांचं कारण मला त्या मिनिटांच्या कॉलममध्येच सापडलं.