मासे आणण्याआधी अमोनिया मोजा

मागच्या पाडव्याला इंदूरच्या घरी दोन फुटी टाकी भरली, तिसऱ्या दिवशी तिच्यात बारा मासे सोडले आणि हनुमान जयंतीपर्यंत त्यातले नऊ गेले. टाकी लेकीसाठी होती. रोज सकाळी ती उठायच्या आत मी जाळी घेऊन टाकीपाशी जायचे. पाणी आरशासारखं स्वच्छ होतं आणि त्या स्वच्छपणावरच मी विसंबून राहिले. आता तीच टाकी पुन्हा मांडतेय, म्हणून तयारी आधी लिहून काढतेय. ज्यांची नवी टाकी आहे आणि मासे एकेक करून जाताहेत, त्यांनी तर नक्की वाचा.

टाकी, झाकण, दिवा, खडी यांबद्दल दुकानदार सांगतो ते बहुतेक ठीकच असतं. फक्त वजनाचा हिशेब आपण करायचा. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत साधारण ५४ लिटर पाणी मावतं, म्हणजे खडी आणि काचेसकट साठ-सत्तर किलो. टीव्हीच्या डगमगत्या टेबलावर ती ठेवायची नाही, खिडकीतल्या उन्हातही नाही. काहीही साबणाने धुवायचं नाही. झालं.

पाण्याचं मात्र नीट बघा. आमच्याकडे नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो, त्यामुळे पाणी भरून ठेवायची सवय घरोघरी आहेच. या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते माशांचे कल्ले जाळतं. बादलीत एअर पंप लावून चोवीस तास ठेवलं तर ते उडून जातं, नाहीतर अँटिक्लोरीनचे थेंब घालायचे. अँटिक्लोरीन म्हणजे मुख्यतः सोडियम थायोसल्फेट, जुने फोटोवाले ज्याला हायपो म्हणायचे तेच. बाटलीवर लिहिलंय तेवढंच घाला. बोरिंगचं पाणी वापरणार असाल तर आमच्या भागात ते जड आहे, बादलीच्या काठावर पांढरा थर बसतो. गप्पी आणि मॉलीला ते चालतं, निऑन टेट्राला नाही. आरओचं पाणी नुसतं भरू नका. त्यात क्षार जवळजवळ उरत नाहीत आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कली याचं माप, टिकत नाही.

हे सगळं मी मागच्या वेळी केलं होतं. अँटिक्लोरीन घातलं होतं, पाणी मुरवलं होतं, माशांची पिशवी टाकीत तरंगत ठेवली होती. एकच गोष्ट केली नव्हती. अमोनिया मोजला नव्हता.

मासा श्वासाबरोबर कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, त्याच्या विष्ठेतून आणि उरलेल्या दाण्यांतूनही अमोनिया होतो. जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर जिवाणू बसलेले असतात. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी, नायट्रेट त्या मानाने सौम्य, आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. ते वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस थांबायला कोणीच तयार नसतं. मीही नव्हते. शिवाय पीएच एकाने चढला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. माझ्या घरी नर्मदेचं पाणी आठच्या आसपास दाखवतं, म्हणजे इथे थोडा अमोनियासुद्धा जास्त मारतो.

म्हणून पहिली खरेदी माशांची नाही, टेस्ट किटची. अमोनियाचं किट आणि नायट्राइटचं किट. कागदी पट्ट्यांवर समाधान मानू नका, थेंबांचं घ्या. नळीत खुणेपर्यंत टाकीचं पाणी, त्यात सांगितलेले थेंब, बूच लावून हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि पांढऱ्या कागदावर धरून दिवसाच्या उजेडात रंग बघायचा. पिवळा म्हणजे शून्य. हिरवट झालं की अमोनिया आहे. मी किट आणलं तेव्हा पाच मासे आधीच गेले होते, आणि ती नळी कडुनिंबाच्या पानासारखी गडद हिरवी झाली होती. तोवर रोगाचं औषध समजून मी निळं मेथिलीन ब्लू ओतलं होतं. त्याने उरलेसुरले जिवाणूही मेले. अमोनिया न मोजता औषध घालू नका. एखादा मासा वरवर येऊन तोंड उघडझाप करतोय म्हणून तो आजारी असतोच असं नाही.

टाकी भरून फिल्टर चालू केला की रिकामीच चालवायची. जिवाणूंना खायला रोज चिमूटभर माशांचे दाणे टाकून कुजू द्यायचे, किंवा सुगंध आणि साबण न मिसळलेला शुद्ध अमोनिया मिळाला तर तो थेंबाथेंबाने, किटच्या रंगतक्त्यावर दोन पीपीएमच्या आसपास येईपर्यंत. आधी अमोनिया चढतो. मग तो उतरतो आणि नायट्राइट चढतो. त्या किटचा रंग निळ्यावरून जांभळ्याकडे जातो आणि इथेच लोक फसतात: अमोनिया पिवळा दिसला म्हणून मासे आणतात. नायट्राइटही शून्य व्हायला हवा. अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत दोन्ही शून्यावर येत असतील तरच टाकी तयार. दुकानातल्या 'बॅक्टेरिया'च्या बाटलीवर भरवसा ठेवून किट टाळू नका. बाटली घाला हवी तर, पण मोजा.

ओळखीत कोणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा. पैशांत मिळत नाही अशी ही एकच गोष्ट आहे. तो त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून पिशवीत आणायचा आणि त्याच दिवशी आपल्या फिल्टरमध्ये बसवायचा. वाळू द्यायचा नाही. यामुळे काम एक-दोन आठवड्यांवर येऊ शकतं, पण मोजल्याशिवाय तसं धरून चालू नका. आणि स्पंज नळाखाली कधीही धुवू नका. बाराव्या दिवशी मी घाबरून सगळं पाणी काढलं, खडी घासली, स्पंज नळाखाली पिळून पांढरा केला. त्या रात्री उरलेल्यांपैकी दोन गेले. मळकट स्पंज पाण्याची काळजी घेत होता आणि मी त्यालाच क्लोरीनने धुतलं. स्पंज धुवायचा तर टाकीतून काढलेल्या पाण्यात, हलकेच पिळून, तोही प्रवाह मंदावला तरच.

मासे मरायला लागलेच तर आधी दिवस मोजा. पाण्यात सोडल्यावर तासाभरात किंवा त्या रात्रीत सगळे गेले तर क्लोरीन, तापमानाचा धक्का किंवा खोलीत मारलेला डासांचा स्प्रे. एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो, त्यामुळे त्या खोलीत स्प्रे बंद. तिसऱ्या दिवसापासून एकेक जात असतील तर अमोनिया. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, कल्ले तपकिरी पडून जात असतील तर नायट्राइट, कारण त्याने रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद जाते. पहाटे सगळेच वर येत असतील तर प्राणवायू कमी. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असतील तर तो रोग, आणि तिथे औषध हवंच. पण अंदाज काहीही असो, आधी अमोनिया मोजा. हिरवा निघाला तर दाणे दोन दिवस बंद, रोज तिसरा हिस्सा ते अर्धं पाणी अँटिक्लोरीन घालून, तेवढ्याच तापमानाचं करून बदला. नायट्राइट असेल तर दहा लिटरला एक छोटा चमचा मीठ, विरघळवून, थोडं थोडं. सगळं पाणी एकदम फेकू नका.

टाकी तयार झाल्यावर मासे थोडेच, पहिल्या खेपेला तीन-चार. गोल्डफिश या टाकीत नको, तो मोठा होतो आणि घाण फार करतो. पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा, टाकीचं पाणी थोडं थोडं आत घाला, मग जाळीने मासे सोडा आणि पिशवीतलं पाणी फेकून द्या. पहिले दोन आठवडे अमोनिया रोज मोजा. पुढची खेप त्यानंतर.

दाणे दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपतील एवढेच. पाहुण्या मुलांना डबा हाताळू देऊ नका. फिल्टर रात्री आवाज करतो म्हणून बंद करायचा नाही. लाइट गेली तर बॅटरीवरचा एअर पंप. मे महिन्यात पाणी तापतं तेव्हा प्राणवायूही कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० ला साडेसात. झाकण थोडं उघडं ठेवा, वरून पंखा लावा, बर्फ थेट टाकू नका.

टाकी पुन्हा चालू केल्याचा आज सव्विसावा दिवस. सकाळी मोजलं, अमोनिया पिवळा, नायट्राइट अजून जांभळा. लेक रोज विचारते, मी तिला नळी दाखवते. मासे अजून आणलेले नाहीत.