जुना आहेर आजच्या रुपयांत कसा मोजावा

मांडवाच्या दाराशी टेबल टाकून पाकिटे उघडणारा आणि नावे टिपणारा एकजण प्रत्येक लग्नात असतो. त्याची वही कार्य उरकल्यावर कपाटाच्या तळाशी जाते आणि वीसएक वर्षांनी, आहेर करणाऱ्यांच्या घरी लग्न निघाले की, बाहेर येते. त्यांनी तेव्हा ५०१ रुपये दिले होते; आज आपण किती द्यावेत?

प्रथम रकमेशेजारी वर्ष लिहिले आहे का ते पाहावे, कारण वर्षावाचून नुसत्या आकड्यावरून काहीच कळत नाही. त्यानंतर त्या वर्षापासून आजवर महागाई किती पटींनी वाढली ते काढावे. घरगुती हिशेबाला प्राप्तिकरासाठी दरवर्षी जाहीर होणारा खर्च महागाई निर्देशांक पुरेसा आहे. तो २००१-०२ साठी १०० धरलेला असून २०२४-२५ साठी ३६३ आहे. म्हणून आहेर २००१-०२ मधला असेल, तर ५०१ ला ३६३ ने गुणून १०० ने भागले की सुमारे १,८१९ रुपये येतात. हा निर्देशांक ग्राहक किमतींतील वाढीचा ७५ टक्के भागच धरतो, त्यामुळे उत्तर थोडे कमी येते आणि २,००१ रुपयांचे पाकीट वावगे ठरत नाही. काही जण सोन्याच्या भावाने हिशेब करतात, पण ती रक्कम भलतीच फुगते. आहेराच्या पैशातून आपल्या घरी किराणा आणि भांडीकुंडी आली असतील, तर तुलनाही त्यांच्याच भावांशी करावी.

वहीत ‘सव्वा रुपया’ आढळल्यास मात्र गुणाकार करू नये. २५ पैशांचे नाणे ३० जून २०११ पासून चलनातून गेले, तरी भटजींना द्यायच्या दक्षिणेच्या बोलण्यात सव्वा रुपया टिकून आहे. तो मान आहे, किंमत नव्हे.

खरी अडचण निर्देशांकाच्या पलीकडे आहे. ५१ रुपये नोकरदाराने दिले की शेतमजुराने, हे वही सांगत नाही, म्हणून ती रक्कम देणाऱ्याच्या किती दिवसांच्या कमाईची होती हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावे. दोन दिवसांची मजुरी मोडून कोणी आहेर केला असेल, तर आपल्याही दोन दिवसांच्या मिळकतीचा विचार करणे न्याय्य आहे. परंतु ती सगळी रक्कम ध्वनिक्षेपकावरून पुकारली जाईल अशा रीतीने देऊ नये, कारण चढता आहेर पुढच्या कार्यात त्या घराला फेडावा लागतो आणि उपकाराचे ओझे होते. चारचौघांत रीतीपुरते पाकीट द्यावे. उरलेला भाग लग्नाआधी धान्याच्या किंवा एखाद्या वस्तूच्या रूपाने गुपचूप पोचवावा आणि त्याची नोंद वहीत करू नये.

नवी वही घालताना नाव, गाव, रक्कम आणि तारीख यांच्या जोडीला देणाऱ्याच्या उपजीविकेचा एक रकाना आखावा.