कोळशाच्या ग्रिलसाठी लाकडी टेबल घरी कसं बनवावं

ऐरोलीतल्या आमच्या रो-हाऊसच्या अंगणात पहिलं टेबल केलं, तेव्हा मी फळ्यांवर सरळ स्टीलचा पत्रा ठोकला आणि त्यावर ग्रिल ठेवलं. दोन महिन्यांनी पत्रा उचकटला तर खालची फळी काळीठिक्कर, नखाने खरवडली तर भुगा. पत्रा ठिणगी अडवतो, पण धग तशीच खाली जाऊ देतो. धग अडते ती मधल्या मोकळ्या हवेने. पुढची सगळी मापं त्या हिशोबानेच घेतली आहेत.

लाकूड सागवानी मिळालं तर उत्तम. पाऊस आणि वाळवी दोन्ही झेलतं. परवडत नसेल तर पाइनवुड घ्या. महापे-रबाळेच्या एमआयडीसीकडे भंगारवाल्यांकडे जुने पॅलेट मिळतात, तेही चालतात. फक्त शिक्का बघून घ्या: ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं लाकूड, ते घ्यावं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते फुकट मिळालं तरी नको. वखारीतून आणलेलं लाकूड ओलसर लागलं तर मध्ये काड्या घालून सावलीत रचा आणि दोन-तीन आठवडे थांबा. घाई केलीत तर सांगाडा नंतर पिळतो.

ग्रिल १८ बाय १२ इंची धरलं आहे. टेबल ४ फूट बाय २ फूट, उंची ३२ इंच, म्हणजे साधारण स्वयंपाकघरातल्या ओट्याएवढी. उजवीकडचा २८ इंचांचा भाग वरून उघडा सोडायचा, डावीकडे बांगड्याला मसाला चोळायला फळ्या. अशाने ग्रिलच्या चारही बाजूंना पाचेक इंच मोकळे राहतात.

पाय अडीच इंची चौरस घ्या, वर आणि खाली आडव्या पट्ट्या. ग्रिलपुढे वरची पट्टी लावू नका, राख काढायला हात जायला हवा. स्क्रू मारण्याआधी बारीक ड्रिलने भोक पाडा, नाहीतर फळी टोकाला फाटते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच हवेत. खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात साधे स्क्रू एका पावसाळ्यात गंजतात आणि लाकडावर काळे ओघळ उतरतात. सांगाडा उभा झाला की दोरीने दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तर काटकोन बरोबर आहे, नसतील तर स्क्रू घट्ट करण्याआधीच ओढून सरळ करा.

ग्रिलखाली दोन लोखंडी अँगल आडवे टाकून त्यावर कडप्पा ठेवा. दोन फुटी चौरस, पाऊण इंच जाड कडप्पा अठरा-वीस किलो भरतो, म्हणून अँगल नट-बोल्टनेच कसा. उंची अशी धरा की ग्रिलची जाळी फळ्यांच्या वर चार बोटं राहील. आतल्या बाजूच्या लाकडाला स्टीलचा पत्रा लावायचाच, पण मध्ये वॉशर रचून अर्धा इंच फट ठेवून. वरखाली ती फट उघडी राहू द्या, म्हणजे गरम हवा वर निघून जाते.

डावीकडच्या फळ्यांमध्ये पाव इंच अंतर सोडा. पावसात लाकूड फुगतं, पाणीही निथळायला हवं. चाकं दोनच लावा, फळ्यांच्या बाजूच्या पायांना, आणि ते पाय चाकाच्या उंचीइतके कापा. चारही पायांना चाकं नकोत. पेटलेलं ग्रिल जागचं हलता कामा नये.

वार्निश उन्हापावसात पोपडे धरून सुटतं, म्हणून मी जवसाचं तेल लावतो. दोन हात, मध्ये दोन-तीन दिवस वाळायला. पायांच्या तळाला तीन हात, कारण ओल तिथूनच चढते. तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटू शकते. दोरीवर पसरून वाळवा. दर मे महिन्यात एक हात पुन्हा द्या.

फ्लॅटच्या बाल्कनीत, काचा लावलेल्या असोत वा उघड्या, हे टेबल मांडू नका. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो. उघडं अंगण हवं, किंवा सोसायटीची परवानगी घेऊन मोकळी गच्ची.

पहिल्यांदा पेटवाल तेव्हा तासाभराने आतल्या लाकडावर तळहात ठेवून बघा. हात टिकत नसेल तर पत्र्यामागची फट वाढवा. राख निदान दोन दिवस झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. वरून विझलेली दिसली तरी आत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत असतो.