पाय ढिला सोडा जी

आमच्या आरोग्य केंद्रात नवा इंटर्न आला की मी त्याला आधी टेबलापुढचं स्टूल सरकवायला सांगतो. गुडघ्याचा रिफ्लेक्स, म्हणजे वाटीखाली रबरी हातोड्यानं ठोका दिला की पाय आपोआप उडतो तो, बघायचा तर पेशंट टेबलाच्या काठावर बसलेला हवा आणि पाय अधांतरी. टाच टेकली की ठोका वाया. धोतर असो की लुगडं, मांडी दिसेल इतकं वर घ्यायला सांगा. बाई असेल तर सिस्टरला सोबत उभं करा.

आता वाटीखाली बोट फिरवा. वाटी आणि नडगीचा उंचवटा यांच्यामध्ये दोरखंडासारखा पट्टा लागतो. ठोका तिथंच. मी इंटर्न असताना घाईत वाटीच्या हाडावरच हातोडा आपटला आणि केसपेपरवर ‘रिफ्लेक्स नाही’ लिहून मोकळा झालो. सरांनी येऊन एका ठोक्यात पाय उडवला. पेशंट माझ्याकडं बघून हसला, ते अजून आठवतं.

हातोडा दांड्याच्या टोकाशी सैल धरा, मनगटातून झुलवा, त्याच्या वजनानं पडू द्या. नजर पावलावर नको, मांडीच्या पुढच्या स्नायूवर ठेवा. पाय जेमतेम हलला तरी तिथं आकसलेलं दिसतं. ठोक्यानं स्नायूला बसलेल्या ताणाची खबर कमरेतल्या नसांच्या दुसऱ्या ते चौथ्या मुळांवाटे मज्जारज्जूत जाते आणि हुकूम तिथूनच परत येतो, मेंदूला न विचारता.

पण आमची मंडळी मदत करायला बघतात! हातोडा दिसला की स्वतःच पाय उचलतात. “ढिला सोडा जी” म्हटलं की आणखी ताठ. मग मी विचारतो, “सोयाबीन एकरी किती झालं?”

“का सांगू साहेब, चार पोतेही नाई...”

एवढ्यात ठोका. तरी उडाला नाही तर दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला लावा आणि ओढ चालू असतानाच मारा. येंद्रासिक नावाच्या हंगेरियन डॉक्टरची ही युक्ती; वापरली तर तशी नोंद करा.

नोंद 0 ते 4, त्यात 2 म्हणजे नेहमीचा. मी आकड्यापेक्षा डाव्या-उजव्यातला फरक बघतो. दोन्हीकडं सारखाच जोरात उडतो तो माणूस कधी कधी नुसता घाबरलेला असतो. एकाच बाजूला जोर असेल तर मेंदू-मज्जारज्जूचा विचार करा, एकच बाजू गळाली असेल तर नसेचा किंवा तिच्या मुळाचा. शुगरवाल्यांचा घोट्याचा रिफ्लेक्स बहुधा गुडघ्याआधी जातो, तेव्हा तोही बघाच.

उठून बसता येत नसेल तर आडवंच ठेवून गुडघ्यांखाली आपला हात घाला, थोडं वाकवा, पायाचा भार हातावर येऊ द्या. हातोडा जागेवर नसेल तर स्टेथोस्कोपच्या चकतीची कडही चालते.