पंचायतीत सरकारी नेटवर्क आणायचंय? आधी अर्थिंग बघा (खानापूर-बेळगाव भागासाठी तयारीची यादी)

ज्यांच्या पंचायतीत फायबर नव्यानं येतंय किंवा आलेलं बंद पडलंय आणि परत चालू करायचं चाललंय, त्यांनी काम सुरू व्हायच्या आधी हे वाचा. मागच्या खेपेला आमच्याकडं सगळं होतं, कॉम्प्युटर, प्रिंटर, यूपीएस, टेबलखुर्ची, फक्त अर्थिंगकडं कुणी बघितलं नाही. पहिल्याच वळवात ओएनटी (फायबर जिथं येऊन लागतं तो डबा) गेला, नेटवर्क स्विचचे पोर्ट गेले, एका मशीनचा मदरबोर्ड गेला, आणि ऐन ॲडमिशनच्या तोंडावर जातीच्या दाखल्यासाठी पोरांना तालुक्याला हेलपाटे मारावे लागले. म्हणून पहिलं अर्थिंग, बाकीचं सगळं नंतर.

लोक म्हणतात फायबर काचेचं, त्यातनं वीज येत नाही, मग भीती कसली. काचेतनं येत नाही हे खरं. पण ओएनटीला करंट हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) तारेतनंच मिळतोय, आणि तिथनं पुढं कॉम्प्युटरपर्यंत तांब्याची लॅन केबल आहे. वीज जवळपास कुठंही पडली की तारेतनं लाट आत येते आणि वाटेत जे सापडेल ते जाळते. पंचायतीच्या जुन्या इमारतीत तीन पिनांचं सॉकेट असतंय, बघणाऱ्याला वाटतं अर्थ आहे. मेन बंद करून सॉकेट उघडा आणि वरच्या मोठ्या भोकामागं वायर जोडलीय का ते डोळ्यानं बघा. बऱ्याचदा नसतेच. वायरमन म्हणाला "आहे की" तरी उघडून बघा.

खड्डा नवा घ्या, कोळसा-मीठ घाला नाहीतर केमिकल अर्थिंग करा, पण इमारतीचा जुना अर्थ असेल तर त्याला जोडून घ्या, दोन अर्थ सुटे ठेवू नका. मग अर्थ टेस्टर लावून मोजा, पाच ओहमच्या आत यायला पाहिजे. आणि हे मोजायचं मे महिन्यात, जुलैत नाही! खानापूरच्या पश्चिमेला खाली जांभा आहे, पावसात जमीन चिंब असते तेव्हा कसलाही खड्डा चांगलं रीडिंग देतो. एप्रिल-मेमध्ये तोच खड्डा सुकून खडखडीत होतो आणि वळवाची वीज नेमकी तेव्हाच पडते. म्हणून उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालायचं काम एका माणसाला नेमून द्या, वॉटरमन असेल तर त्याला. सर्ज प्रोटेक्टर बसवलाय म्हणून निर्धास्त राहू नका, तो लाट अर्थमध्ये ढकलतो, अर्थच नसेल तर ढकलणार कुठं. बिलावर सही करायच्या आधी रीडिंग मागा.

यूपीएस. ओएनटीला वीज फार लागत नाही, दहा-पंधरा वॅटमध्ये भागतं, त्याला स्वतंत्र छोटा यूपीएस द्या. लेझर प्रिंटर बॅटरीवर कधीही लावू नका, त्यातला हीटर एकदम एवढा लोड घेतो की यूपीएस ट्रिप होतो आणि प्रिंट निघता निघता नेटवर्कच जातं. कणकुंबी-जांबोटीकडं पावसाळ्यात लाईट किती वेळ जाते ते तिथल्या लोकांना विचारा आणि मग बॅटरी ठरवा.

केबलचा मार्ग. हे आपल्या हातात नाही असं समजून पंचायत गप्प बसते, तसं करू नका. १९८७ च्या सुमारास एनआयसीनं, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉम्प्युटर खात्यानं, निकनेट हे सरकारी नेटवर्क उभं केलं तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी डिश लावून उपग्रहावरून जोडणी होती, रस्ता खणायचा प्रश्न नव्हता. २०११ मध्ये पंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना मंजूर झाली, तीच पुढं भारतनेट, आणि तेव्हापासून मुख्य भार जमिनीखालच्या केबलवर आला. पहिल्या टप्प्यांत बऱ्याच ठिकाणी केबल एकेरी गेली, म्हणजे मध्येच जेसीबीनं तोडली की पुढची सगळी गावं बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं जी सुधारित योजना मंजूर केली तिच्यात रिंग आहे, एका बाजूनं तुटली तर दुसरीकडनं चालते. तुमची पंचायत रिंगमध्ये आहे का, आणि दोन्ही बाजू खरंच वेगळ्या रस्त्यानं येतात का, हे विचारा. एकाच चरात दोन्ही टाकल्या तर रिंगचा काय उपयोग? चर १.६५ मीटर खोल असतो नियमानं, जांभा लागला की कंत्राटदार वरच्यावर उरकतो. माती ओढायच्या आधी पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) किंवा मेंबरांना टेप घेऊन जायला सांगा, फोटो काढा. जंगलातनं जाणारा रस्ता असेल तर वनखात्याची परवानगी आधी, नाहीतर काम अर्ध्यावर थांबतंय.

आता सेवा. नेट आलं म्हणजे काम झालं नाही, दाखला हातात पडला पाहिजे. कर्नाटकानं भूमी प्रकल्पात जमिनीचे उतारे कॉम्प्युटरवर घेतले तेव्हा एक गोष्ट फार चांगली केली, अधिकाऱ्याला बोटाचा ठसा देऊनच सिस्टिममध्ये जाता येत होतं, त्यामुळं फेरफार कुणी केला ते लपत नव्हतं. आपल्याकडं मात्र एकाच लॉगिनवर चारजण बसतात आणि पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला. हे पहिल्या दिवसापासून बंद करा.

नावांचं आधीच बघून ठेवा, आपल्या भागात हे फार छळतं. उताऱ्यात नाव कन्नडमध्ये, आधारवर इंग्रजी आणि कन्नड, शाळेच्या दाखल्यात मराठी. एकाच माणसाचं कुठं परशराम, कुठं परशुराम, सिस्टिम म्हणते माणूस वेगळा, अर्ज बाद. पोर्टलला दोष देऊन भागत नाही, घरोघरी कागद बघून कुणाचं काय जुळत नाही त्याची यादी करा आणि अर्ज करायच्या आधी दुरुस्ती करून घ्या. नुडीच्या (कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या) जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या याद्या युनिकोडमध्ये बदलून घ्या, सरळ पेस्ट केल्या तर अक्षरांचा चुराडा होतो. तक्रार अर्ज मराठीत द्यायचा असेल तर घटनेच्या ३५० व्या कलमात तो हक्क आहे, केंद्रावर बसणाऱ्या पोराला हे सांगून ठेवा, म्हातारी माणसं मराठीत लिहून आणतात आणि परत पाठवली जातात, ते बघवत नाही.

ओटीपी. फायबर आहे पण मोबाईलला रेंज नाही अशी गावं आहेत, तिथं ओटीपी येत नाही आणि माणूस फोन घेऊन टेकडीवर जातो, तोपर्यंत वेळ संपते. ठशाचं मशीन ठेवा. राबून राबून ज्यांचे ठसे झिजलेत त्यांच्यासाठी डोळ्याचं स्कॅनर पण.

बाकी पटपट सांगतो. कॅबिनेटची किल्ली दोघांकडं. उंदीर आत जायची भोकं बुजवा. छत गळतं तिथं रॅक नको. एका दिवसाचं नाही, आठवडाभराचं ट्रेनिंग मागा. बॅकअप. वॉरंटीची तारीख आणि तक्रार नोंदवायचा नंबर दाराच्या आतल्या बाजूला, तिथंच अर्थचं रीडिंग तारखेसकट, हो, परत अर्थ, दरवर्षी मेमध्ये. ओएनटीचा एक जादा ॲडॉप्टर घेऊन ठेवा, जळला तर आणायला बेळगावला जावं लागतं आणि तेवढा दिवस काउंटर बंद.